रहस्य आणि ऋण : कथामालिकेतील दुसऱ्या भागाचा नैतिक प्रश्न

कथामालिकेचा पहिला भाग वाचकाला काही देतो आणि त्याच्याकडून काही उसने घेतो. एका कल्पित जगाचा भूगोल, तेथील कायदे आणि निषेध, पात्रांचे परस्परसंबंध हे सारे तो देतो. आणि जे प्रश्न उपस्थित झाले त्यांची निदान दखल तरी पुढे घेतली जाईल, या विश्वासाच्या बळावर वाचकाचा निरोप घेतो. दुसरा भाग हाती आल्यावर ‘निराशा झाली’ असे वाचक म्हणतो तेव्हा त्याची नेहमीची कारणे ठरलेली असतात. कथानक रेंगाळले, कल्पित जगाचे नवेपण ओसरले, शेवट तिसऱ्या भागासाठी राखून ठेवला. ही कारणे तंत्राशी निगडित आहेत आणि आपापल्या जागी खरीही आहेत. परंतु निराशेचा आणखी एक प्रकार संभवतो, ज्याची मीमांसा तंत्राच्या परिभाषेत होऊ शकत नाही. पहिल्या भागाने नायकाच्या आणि त्याच्यासह वाचकाच्या मनात जागविलेला अपराधभाव दुसऱ्या भागाने नव्या माहितीच्या आधारे परस्पर पुसून टाकला, तर होणारी निराशा नैतिक स्वरूपाची असते. वाचकाने उसने दिलेले येथे बुडते.

किशोर आणि तरुण वाचकांसाठीच्या अद्भुत कथामालिकांच्या संदर्भात हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच विचारला आहे. याचे कारण जुने आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्यासारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर का. बा. मराठे यांनी १८७२ मधील आपल्या ‘नावल व नाटक यांविषयी निबंधा’त टीका केली, तर वि. का. राजवाडे यांनी १९०२ मधील ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुताची बाजू उचलून धरली. वादाचा मुद्दा दोन्ही वेळी अद्भुत हे वास्तवाशी कितपत इमान राखते हा होता. अद्भुत स्वतःशी, स्वतःच निर्माण केलेल्या न्यायव्यवस्थेशी इमान राखते का, हा प्रश्न मागे पडला तो पडलाच. पुढे तर असले लेखन ‘रंजनपर’ या कप्प्यात टाकून मोकळे होण्याची सवय समीक्षेला जडली. त्या कप्प्यातील पुस्तकांतूनच पुष्कळशा वाचकांच्या मनात न्यायान्यायाची पहिली कल्पना आकार घेते, ही गोष्ट मात्र नजरेआड करता येणार नाही.

अमीश त्रिपाठी यांची इंग्रजीत लिहिलेली आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवादित झालेली शिवकथात्रयी हे या प्रश्नाचे जवळचे उदाहरण आहे. पहिला भाग, ‘मेलुहाचे मृत्युंजय’, मूळ इंग्रजीत २०१० साली आला; दुसरा, ‘नागांचे रहस्य’, २०११ मध्ये; आणि तिसरा, ‘वायुपुत्रांची शपथ’, २०१३ मध्ये. (पहिल्या भागाच्या मराठी नावातील ‘मृत्युंजय’ हा शब्द वाचताच शिवाजी सावंतांची १९६७ सालची कादंबरी आणि तिचा नायक कर्ण मनात उभा राहतो. अनुवादात घडलेला हा योगायोग असेल. पण या लेखाच्या विषयाशी त्याचा संबंध आहे आणि तो पुढे येईल.) त्रयीचा वाचकवर्ग सर्व वयांचा असला तरी महाविद्यालयीन वयाच्या वाचकांत तिची लोकप्रियता विशेष आहे. त्यातील बहुसंख्यांनी मूळ पुराणे वाचलेली नसतात. शिव, सती, गणेश, दक्ष यांच्या कथा त्यांना घरातून, जत्रेतून, कीर्तनातून माहीत असतात.

बीड जिल्ह्यातील वाचकाला तर ही त्रयी दूरच्या देशातील वाटण्याचे कारणच नाही. दुसऱ्या भागातील नागांची राजधानी पंचवटी ही दंडकारण्याच्या पलीकडे गोदावरीच्या काठी वसलेली दाखविली आहे. नाशिकच्या पंचवटीवरून निघालेली हीच नदी पैठणखाली बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आखत गेवराई आणि माजलगाव तालुक्यांच्या कडेने वाहते. परळीला वैजनाथाचे ज्योतिर्लिंग आहे, बीडजवळ नवगण राजुरीचा गणपती आहे, आणि गोदाकाठच्या एका गावाचे नावच राक्षसभुवन आहे, जे इतिहासाला १७६३ च्या मराठे-निजाम लढाईमुळे ठाऊक आहे. कादंबरीत ज्यांना शाप, विकृती, भय यांचे प्रतीक म्हणून आर्यावर्त ओळखतो ते नाग ज्या काठावर राहतात, तो काठ या वाचकाचा आहे. तेव्हा ‘नाग म्हणजे कोण’ या प्रश्नाचे कादंबरीने दिलेले उत्तर तो इतरांहून अधिक बारकाईने वाचील, अशी अपेक्षा वावगी ठरू नये.

याच काठावरची एक जुनी नागकथा येथे आठवते. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य याची जन्मकथा येते. त्याची आई श्रुतार्था ही ब्राह्मणकन्या. बाप कीर्तिसेन, वासुकी नागाचा पुतण्या. बहिणीला दिवस गेल्याचे पाहून तिचे दोघे भाऊ एकमेकांवर संशय घेतात; तेव्हा नागकुमार स्वतः येऊन आपण तिच्याशी गांधर्वविवाह केल्याचे सांगतो आणि संशय मिटतो. येथेही रहस्य आहे आणि त्याचा उलगडाही आहे. पण तो कथेच्या आरंभीच, दोन वाक्यांत आटोपतो. त्यानंतर गुणाढ्याचे नागपुत्र असणे हा कोणाच्या पुराव्याचा किंवा क्षमेचा विषय होत नाही. प्रतिष्ठानच्या सातवाहनाच्या दरबारात त्याने काय गमावले आणि पिशाचांच्या भाषेत लिहिलेली आपली कथा त्याला आगीत का टाकावी लागली, हे कथेला महत्त्वाचे वाटते. उलगड्यावर किती वेळ घालवायचा हे ठरविणे हाही कथनकाराचा एक नैतिक निर्णय असतो.

त्रयीचा पहिला भाग या दृष्टीने पाहिला तर त्याची नैतिक पेरणी भक्कम आहे. तिबेटमधील एका टोळीचा प्रमुख शिव मेलुहाच्या सूर्यवंशी साम्राज्यात येतो, सोमरसाने त्याचा कंठ निळा होतो, आणि ज्याची वाट पाहिली जात होती तो नीलकंठ हाच असे मानले जाते. साम्राज्य शिस्तीचे, न्यायाचे, सुबत्तेचे आहे. परंतु त्या न्यायाच्या तळाशी ‘विकर्म’ नावाचा कायदा आहे. ज्यांच्यावर मोठी आपत्ती कोसळली ते पूर्वजन्मीच्या पापाचे धनी, म्हणून अस्पृश्य. सम्राट दक्षाची मुलगी सती हिचा पती वारला आणि मूल मृत जन्मले असे सांगितले जाते, म्हणून ती विकर्म. आणि अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट ही की तिला स्वतःलाही हा कायदा न्याय्य वाटतो. शिव तो कायदा रद्द करवितो. मंदार पर्वतावरील स्फोटात मित्र बृहस्पती मारला गेल्याच्या संतापात तो चंद्रवंशीयांवर युद्ध पुकारतो, जिंकतो, आणि जिंकल्यावर त्याला कळते की ज्यांना त्याने दुष्ट मानले तेही नीलकंठाचीच वाट पाहत होते. तारणहाराने माणसे मारली ती गैरसमजापोटी. पहिल्या भागाच्या अखेरीस नायकाच्या खांद्यावर हे ओझे आहे. लोकप्रिय कथेत नायकावर असे ओझे ठेवून पुस्तक मिटण्याचे धैर्य सहसा आढळत नाही, आणि त्याबद्दल लेखकाला श्रेय द्यायलाच हवे.

दुसऱ्या भागाचे काम येथून सुरू व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ‘नागांचे रहस्य’ त्या ओझ्याचे रूपांतर कोड्यात करते. ‘मी काय केले?’ हा प्रश्न मागे सरतो आणि ‘खरा दुष्ट कोण?’ हा पुढे येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याला स्वतःकडे पाहावे लागते. दुसऱ्याचे उत्तर शोधणाऱ्याला प्रवासाला निघावे लागते. म्हणून कादंबरी प्रवासाला निघते: अयोध्येहून काशी, काशीहून ब्रंग, तेथून परत, मग दंडकारण्य. प्रवास रंजक आहे, लढाया आहेत, वेग आहे. परंतु धर्मखेतच्या रणांगणावर पडलेल्या चंद्रवंशीयांचे काय, हे कोणी विचारीत नाही.

बृहस्पतीचा प्रसंग या दृष्टीने निर्णायक मानावा लागेल. सतीला कळते की तिचे पहिले मूल मृत नव्हते. जन्मतः व्यंग असल्यामुळे दक्षाने ते नागांकडे पाठविले, आणि तिची जुळी बहीण काली हिचेही तसेच झाले होते. ते मूल म्हणजे गणेश. ती त्याला शिवासमोर आणते तेव्हा शिव पाहतो तो आपल्या मित्राचा खुनी. तो सतीपासून दूर जातो, ब्रंगांच्या वस्तीत राहू लागतो. येथे कादंबरी क्षणभर खऱ्या अर्थाने मोठी होते, कारण प्रश्न खरा आहे: पत्नीचा मुलगा आणि मित्राचा मारेकरी एकच असेल तर माणसाने काय करावे? पुढे गणेश स्वतःच्या जिवावर उदार होऊन कार्तिकाला सिंहांपासून वाचवितो आणि शिव त्याला जवळ करतो. क्षमा झाली. वाचकाने ती मान्यही केली असती. पण पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, पंचवटीतील एका वर्गाचे दार उघडताच, बृहस्पती जिवंत असल्याचे दिसते. खून झालाच नव्हता. मग शिवाने क्षमा केली ती कशाची? क्षमेला विषयच उरला नाही. ज्या एका कृतीत या नायकाचे मोठेपण दिसले ती कृती मागाहून गैरसमजाच्या खात्यात जमा झाली. कलाटणी म्हणून हा शेवट वाचकाला झटका देतो हे खरे. परंतु त्या झटक्याची किंमत म्हणून पुस्तकाने आपला एकमेव नैतिक प्रसंग विकला आहे.

सतीच्या बाबतीतही हेच घडते, फक्त ते लवकर लक्षात येत नाही. विकर्माचा कायदा अन्याय्य होता तो मूल मृत जन्मल्याची बातमी खोटी होती म्हणून नव्हे. बातमी खरी असती तरी तो तितकाच अन्याय्य ठरला असता. दुसरा भाग मात्र ‘मूल जिवंत होते, बापाने फसविले’ असे सांगून सतीला वस्तुस्थितीच्या आधारे निर्दोष ठरवितो, आणि त्यामुळे कायद्याच्या आधारावरचे बोट हळूच उचलले जाते. दोष व्यवस्थेकडून एका खोटारड्या सम्राटाकडे सरकतो. कर्मविपाकाच्या कल्पनेवर मराठी साहित्याने, विशेषतः दलित साहित्याने, जो आघात केला त्याचे सार हेच होते की पीडिताने आपले निर्दोषत्व सिद्ध करण्याची अपेक्षाच मुळात अन्यायाचा भाग आहे. या परंपरेत वाढलेल्या वाचकाला सतीची ही सुटका अपुरी वाटली तर नवल नाही.

गणेशाचा मुखवटा आणि मुख हा याहूनही गहन प्रश्न आहे. शिवपुराणातील कथा सर्वांना ठाऊक आहे. दारात अडविणाऱ्या मुलाला शिव ओळखत नाही, त्याचे मस्तक छेदतो, आणि पार्वतीच्या शोकानंतर हत्तीचे मस्तक त्याला जोडले जाते. या कथेचा विलक्षण भाग असा की गजमुख ही बापाच्या अपराधाची कायमची खूण आहे. देवांचा देव चुकला आणि ती चूक लपविली गेली नाही. मुलाच्या चेहऱ्यावर ती सर्वांना दिसेल अशी राहिली. नवगण राजुरीला जाणारा भाविक त्या चेहऱ्यापुढे हात जोडतो तेव्हा त्याला त्या चेहऱ्याचे वैद्यकीय कारण लागत नाही आणि शिवाची सफाईही लागत नाही. कादंबरीने हे गजमुख जन्मजात व्यंग केले आहे. बुद्धिवादी स्पष्टीकरणाची आवड म्हणून याकडे पाहता येईल, आणि देवकथांना मानवी पातळीवर आणण्याचा हक्क लेखकाला आहेच. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारताबाबत तेच केले. पण कर्व्यांनी माणसे केली ती त्यांच्या दोषांसह; किंबहुना दोष दिसावेत म्हणूनच. येथे पुराणाहून मानवी कथा पुराणाहून निर्दोष निघाली आहे. शिवाच्या हातून घडलेला अपराध कथेतून अदृश्य झाला आणि त्याच्या जागी आला दक्षाचा कपटीपणा. यास दोषाचे स्थलांतर म्हणता येईल. मालिकेच्या दुसऱ्या भागाचा सारा व्यापार या स्थलांतरावर चालतो.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. नायकाच्या दोषाचे स्थलांतर करण्याची परंपरा आपल्याकडे थोर आहे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही भर सभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका आणून त्याला विस्मृतीचे कारण मिळवून दिले. मग एका कादंबरीकाराने तेच केले तर तक्रार कशाची? उत्तर क्रमात आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’त मुद्रिका सापडते, स्मृती परतते, आणि सहावा अंक पूर्णपणे पश्चात्तापाला दिला जातो. शापाची हकीकत दुष्यंताला कळते ती सातव्या अंकात, मारीचाश्रमात. म्हणजे आपल्याला सूट आहे हे ठाऊक नसताना तो जळतो. सूट नंतर मिळते. दोषमुक्तीच्या आधी कालिदासाने दोषाचे पूर्ण मोल वसूल केले आहे. ‘नागांचे रहस्य’मध्ये जळण्याची वेळ येण्याआधीच नवी माहिती येऊन पोहोचते, आणि जेथे थोडी होरपळ झाली तेथे ती मागाहून निरर्थक ठरविली जाते.

महाभारताने तर अभिज्ञानाचा उपयोग नेमका उलट दिशेने केला आहे. कर्णाच्या जन्माचे रहस्य उद्योगपर्वात आधी कृष्ण आणि मग कुंती कर्णाला सांगते. त्याने कोणाचीही सुटका होत नाही. कर्णाची कोंडी वाढते, आणि ही गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नये अशी विनंती तोच कृष्णाला करतो. युद्धानंतर, तर्पणाच्या वेळी, कुंती तोंड उघडते तेव्हा युधिष्ठिराला कळते की आपण थोरला भाऊ मारला. जिंकलेले राज्य त्या एका वाक्याने विषासारखे होते. रहस्य उघडल्याने निर्दोष माणूस अपराधी ठरला. रहस्य कथेत कशासाठी असते याचे हे एक उत्तर आहे. वाचकाचे कुतूहल भागविणे हे दुसरे. दोन्ही उत्तरे चालतात, पण दुसऱ्याने पहिल्याचे सोंग घेऊ नये.

कर्णाचा उल्लेख आला की मराठी वाचनातील एक अडचण पुढे येते. कर्णावरील लोकप्रिय कादंबऱ्यांविषयी असा प्रश्न विचारता येतो की, सूतपुत्र म्हणून अपमानित झालेल्या माणसाविषयीची सहानुभूती अखेरीस तो सूर्यपुत्र, क्षत्रिय, ज्येष्ठ कौंतेय होता या पुराव्यावर का टेकते? तो खरोखरच सूताचा मुलगा असता तर? नागांबाबत हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्या दोन नागांना कादंबरी चेहरा, आवाज आणि अंतःकरण देते ते दोघे सम्राटाच्या रक्ताचे आहेत: एक नीलकंठाच्या पत्नीची बहीण, दुसरा तिचा मुलगा. शिवाय दोघे अजिंक्य योद्धे. इतर नाग बहुतांशी पार्श्वभूमीला राहतात. ज्याला ना राजकुळ आहे ना शस्त्रविद्या, फक्त व्यंग आहे, अशा एखाद्या नागाला मेलुहाने जन्मतः का हाकलले, हा प्रश्न नात्याच्या उलगड्याने सुटत नाही, कारण त्याचे नाते उलगडण्यासारखे काही नसते. तो कोणाचा तरी मुलगा असतो, इतकेच.

हा प्रश्न पुस्तकी नाही. दुसरा भाग आला त्याच २०११ सालच्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली आढळल्या. महाराष्ट्रातील हे सर्वांत कमी प्रमाण होते. दहा वर्षांपूर्वी तेच प्रमाण ८९४ होते. जन्माच्या क्षणी, किंवा त्याच्याही आधी, कोणाला घरात ठेवायचे आणि कोणाला नाही हे ठरविणारा अलिखित कायदा काय असतो, हे समजण्यासाठी या जिल्ह्यातील तरुण वाचकाला मेलुहापर्यंत जाण्याची गरज नव्हती. म्हणूनच नवजात अर्भकांना हद्दपार करणाऱ्या समृद्ध, शिस्तबद्ध राज्याची कल्पना त्याच्यासाठी नुसती अद्भुत नव्हती. तिच्यात धार होती. त्या राज्यात दक्ष एकटा नव्हता; प्रसूतिगृहातून ते मूल बाहेर नेणारे हात होते, गप्प बसणारे शेजारी होते, आणि आपल्या सुबत्तेवर संतुष्ट असलेले नागरिक होते. कादंबरीने एक कपटी बाप पुढे केला आणि ते सारे मोकळे झाले. आकडा ८०७ वर येतो तो एकट्या दक्षामुळे येत नाही.

‘हे तरुणांचे रंजक वाङ्मय आहे, त्याच्याकडून इतकी अपेक्षा कशाला?’ असे म्हटले जाईल. या युक्तिवादात वाचकाविषयीची तुच्छता आहे, आणि तो अनुभवालाही धरून नाही. अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेचा दुसरा भाग, ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ (१९७१), नेमका याच वयाच्या वाचकांसाठी आहे. पहिल्या भागाचा (१९६८) नायक त्यात बराच काळ दिसतही नाही. केंद्रस्थानी आहे टेनार: बालपणीच आईबापांकडून काढून घेतलेली, नाव पुसलेली, अंधाऱ्या भुयारांची पुजारीण केलेली मुलगी. तिच्यावर अन्याय झाला आहे, पण तिच्या हातूनही कैदी मेले आहेत. पळताना तिचा एकनिष्ठ सेवक मरतो. ती मुक्त होते तेव्हा कोणी तिला सांगत नाही की ते कैदी मेलेच नव्हते. स्वातंत्र्य ती अपराधासकट घेऊन जाते, आणि ते जड आहे हे पुस्तक लपवीत नाही. पीडित असणे आणि अपराधी असणे एकाच व्यक्तीत नांदू शकते, हे चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला कळते, असा विश्वास लेखिकेने ठेवला. सेर्व्हान्तेसने १६१५ साली ‘दोन किहोते’चा दुसरा भाग लिहिताना तर पहिल्या भागाचे (१६०५) वाचकच पात्रे म्हणून आत आणले. त्या सरदार दांपत्याने पहिला भाग वाचलेला आहे, आणि वेड्या शिलेदाराची फजिती त्यांना इतकी आवडली आहे की ते ती स्वतःच्या वाड्यात पुन्हा घडवून आणतात. पहिल्या भागाला खदखदून हसलेल्या वाचकाला येथे आपलाच चेहरा दिसतो. दुसरा भाग पहिल्याचा जाब देतो तो असा.

‘नागांचे रहस्य’मध्ये असे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. काशीतील ब्रंगांचा प्रसंग चांगला आहे. परागंदा होऊन आलेल्या या लोकांना रोगावरील औषधासाठी मोर मारावे लागतात, मोर काशीकरांना पवित्र, आणि जमाव त्यांच्या वस्तीवर चालून जातो. येथे दोन्ही बाजूंना काहीतरी खरे आहे आणि कोणतेही रहस्य उघडून तो पेच सुटणारा नाही. परशुरामाचा प्रसंग त्याहून जोरदार आहे. आपण नीलकंठावर शस्त्र उचलले हे कळताच तो स्वतःचा हात तोडतो. कृत्य अघोरी आहे, त्याचे समर्थन करता येणार नाही. पण या एका पात्राला आपल्या चुकीची खूण अंगावर वागवावी असे वाटते. गैरसमज होता एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. नायकाला जे जमले नाही ते एका दरोडेखोराला जमले, आणि लेखकाचे त्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

अपुरेपणाविषयीही एक शब्द लिहिणे आवश्यक आहे. मधला भाग अपुरा असणारच, त्याची परीक्षा तिसऱ्या भागानंतर करावी, हा बचाव वारंवार केला जातो. पण अपुरेपणा दोन प्रकारचा असतो. अंबाजोगाईची योगेश्वरी आणि परळीचे वैजनाथ यांची लोककथा या भागात घरोघरी सांगितली जाते. दोघांचे लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचे झाले आणि देवी कुमारिकाच राहिली. अंबाजोगाईची कोरीव लेणी ही त्याच वऱ्हाडाची म्हणून दाखविली जातात. ही कथा अपुरी आहे, परंतु तिने काही दडविलेले नाही. मुहूर्त कोणी चुकविला याचा शोध घेण्यासाठी कोणी पुढचा भाग मागत नाही. ‘नागांचे रहस्य’चे अपुरेपण दडविण्यातून आलेले आहे. तिसऱ्या भागात कळते की अनिष्ट म्हणजे सोमरस: दीर्घायुष्य देणारे, सुबत्तेचा पाया असलेले ते पेय, ज्याच्या निर्मितीतील विषारी अवशेष ब्रंगांच्या नदीत उतरतात आणि ज्याच्या सेवनामुळे नागांची व्यंगे निर्माण होतात. एका समाजाचे आयुष्य दुसऱ्याच्या आयुष्यातून वजा होऊन येते ही कल्पना त्रयीतील सर्वांत समर्थ कल्पना आहे. ती दुसऱ्या भागात सांगितली असती तर शिवाला, ज्याचा कंठ सोमरसानेच निळा झाला आणि ज्याचे देवत्व त्या निळाईवर उभे आहे, गणेशाच्या चेहऱ्याकडे पाहून स्वतःचा वाटा ओळखावा लागला असता. पुराणातील बापाचा अपराध वेगळ्या, अधिक आधुनिक रूपात परत आला असता. कलाटणी राखून ठेवण्याच्या हिशेबात ती भेट लांबली. आणि तिसऱ्या भागापर्यंत पिता-पुत्रांचा समेट कधीच होऊन गेलेला होता.

लेखकाच्या पुढील प्रवासात या विषयाला एक अनपेक्षित वळण मिळाले, त्याची नोंद केली पाहिजे. २०१५ पासून सुरू झालेल्या रामकथेवरील मालिकेत नाग पुन्हा येतात. सीतेच्या रक्षणार्थ झुंजणारा जटायू नाग आहे. आणि २०१९ मध्ये आलेल्या, रावणाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या तिसऱ्या पुस्तकात रावण स्वतः, नाभीवरील जन्मजात वाढ घेऊन आलेला, नाग आहे, कुंभकर्णही. रावणाला क्रूर कृत्ये करू दिली आहेत आणि ती त्याचीच राहतात. कोणतेही दार उघडून ती नाहीशी होत नाहीत. व्यंगामुळे त्याच्यावर झालेला अन्याय आणि त्याने केलेला अन्याय एकमेकांना रद्द न करता शेजारी शेजारी ठेवले आहेत. गणेशाला जो अधिकार मिळाला नाही, अपराधी असण्याचा आणि तरीही माणूस म्हणून पाहिले जाण्याचा, तो आठ वर्षांनी रावणाला मिळाला.